जीव कामाला ठेवायचा नसतो

रत्नागिरी,
रविवार दुपार

चि. निखिल,


परवा फोन ठेवल्यापासून तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. "आत्या, गोगलगायी-कोळंब्या मेल्या तर दुसऱ्या आणू, पन्नास रुपयांना तर मिळतात." तू सहज बोललास, मला कळतं. मागे चिऊ रडत होती, कुकर शिट्ट्या देत होता, तुझं अर्धं लक्ष तिकडे होतं. पण माणूस सहज बोलतो तेच त्याच्या मनात असतं, हे माझ्या दादाचं म्हणणं तुला पाठ आहे. फोनवर मी गप्प बसले, कारण तेव्हा बोलले असते तर तोडून बोलले असते. म्हणून हे पत्र. सगळं वाच, मधलं गाळू नकोस. तू गाळतोस, सायलीनं सांगितलंय मला.

आधी तुझ्या माशांच्या टँकबद्दल. फोटो पुन्हापुन्हा पाहिले. झाडं फार छान लावलीस. अनुबियासचं खोड मातीत न पुरता लाकडाला दोऱ्यानं बांधलंस, हे बघून बरं वाटलं. निम्मे लोक ते पुरतात आणि मग कुजलं म्हणून रडतात. पुढे लावलेल्या क्रिप्टोकोरिनचे भाईबंद आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत वाढतात. तिची पानं आत्ता विरघळल्यासारखी होतायत त्याची काळजी करू नकोस. जागा बदलली की ती रुसते, जुनी पानं टाकते आणि मुळापासून नवी काढते. तेवढ्यात कुणी गोगलगाय त्या पानावर दिसली की तिनंच खाल्लं म्हणून तिच्यावर आळ येतो. खरं तर ती मेलेलं पान खात असते, जिवंत पानाला सहसा तोंड लावत नाही.

आता तुझा प्रश्न. काचेवर हिरवे ठिपके, पानांवर तपकिरी धूळ, मॉसमध्ये हिरवे केस, आणि दुकानदारानं दिलेली यादी: दहा नेराइट, वीस लाल चेरी कोळंब्या, दहा अमानो, चार मोठ्या पिवळ्या गोगलगायी, वर एक सकर मासा. साठ लिटरच्या टँकमध्ये! निखिल, एवढ्या जिवांनी तिथे खायचं काय? तुझं शेवाळ फार तर दोन आठवडे पुरेल. पुढे? हा प्रश्न तुला पडला नाही याचंच मला वाईट वाटलं. तू असा नव्हतास. एका कासवासाठी सगळ्या घराशी भांडणारा तूच होतास ना?

शेवाळ आलं कुठून ते आधी बघ. दिवा किती तास लावतोस विचारलं तर म्हणालास, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत." म्हणजे पंधरा-सोळा तास. नवा टँक, झाडांनी अजून मूळ धरलेलं नाही, तेव्हा त्यांना एवढा उजेड वापरता येत नाही. तो शेवाळाच्या वाट्याला जातो. दिव्याला टायमर लाव आणि सहा-सात तासांवर आण. खिडकीतून दुपारचं ऊन टँकवर येतं, तिथे पडदा ओढ. माशांना दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, अँटिक्लोरिन घालून. पानांवरची तपकिरी धूळ नव्या टँकमध्ये येतेच, टँक मुरला की बहुतेक वेळा आपोआप जाते. काचेवरचे ठिपके जुन्या एटीएम कार्डानं खरवडता येतात. मॉसमधले केस टूथब्रशवर गुंडाळून ओढून काढ. या सगळ्यात एकाही मुक्या जिवाची गरज लागत नाही, आणि हे केल्याशिवाय कितीही जीव आणलेस तरी शेवाळ हटणार नाही.

दुकानदारानं अमानोचं नाव घेतलं म्हणून सांगते. ताकाशी अमानो हा जपानमधल्या निगाताचा, 1954 चा जन्म. आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गाचा छायाचित्रकार. 1982 मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि पाणवनस्पतींचे टँक कसे मांडावेत याची साऱ्या जगाची नजर बदलली. लिस्बनच्या मत्स्यालयात चाळीस मीटर लांब, एक लाख साठ हजार लिटरचा टँक त्यानं रचला, आणि त्याच वर्षी, 2015 मध्ये, तो गेला. शेवाळ खाणारी ही जपानी कोळंबी त्यानं लोकांना दाखवली, म्हणून तिला त्याचं नाव. पण त्याचा टँक नुसता तिच्यावर चालत नव्हता. उजेड, कार्बन डायऑक्साइड, खत, पाणी बदलणं, झाडांची दाटी, हे सगळं तो सांभाळायचा, उरलंसुरलं ती खायची. लोकांनी कोळंबी तेवढी उचलली, बाकीचं सोडून दिलं.

आणि ही कोळंबी येते कुठून माहीत आहे? ती नदी-ओढ्याच्या गोड्या पाण्यात राहते. तिची पिलं वाहत समुद्रात जातात, खाऱ्या पाण्यात वाढतात आणि मग प्रवाहाच्या उलट चढत परत गोड्या पाण्यात येतात. त्यामुळे तुझ्या टँकमध्ये तिला अंडी आली तरी पिलं जगणार नाहीत. बाजारातल्या बहुतेक अमानो कोणत्या ना कोणत्या ओढ्यातून पकडून आणलेल्या असतात. नीट ठेवली तर ती दोन-तीन वर्षं जगते. एवढा प्रवास करणाऱ्या जातीतला जीव, आणि त्याला आपण म्हणायचं, मेला तर दुसरा आणू!

नेराइटचंही तसंच. तिची पिलंही खारट पाण्याशिवाय वाढत नाहीत. आपल्या भाट्याच्या किनाऱ्याला ओहोटीच्या वेळी दगडांवर चिकटलेल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या गोल गोगलगायी आठवतात? त्या याच कुळातल्या. (त्या मात्र उचलून नेऊ नकोस, समुद्राच्या पाण्यातल्या आहेत, तुझ्याकडे टिकणार नाहीत.) काचेवरच्या कडक हिरव्या ठिपक्यांसाठी नेराइटसारखं कुणी नाही. बाहेरून काचेला नाक लावून बघ. तिचं तोंड उघडतं, आतून दातेरी जीभ काचेवर घासून परत जाते, पुन्हा उघडतं. हजारो बारीक दात असतात त्या जिभेवर. मागे नागमोडी स्वच्छ पट्टा राहतो. चिऊला दाखव, ती तासभर हलणार नाही. पण ती मादी असेल तर लाकडावर, काचेवर पांढरी, तिळाएवढी कडक अंडी चिकटवत राहील आणि ती खरवडूनही धड निघत नाहीत. नंतर त्याला कंटाळून तिला कुणाला तरी देऊन टाकायचं असेल तर आत्ताच आणू नकोस. शिवाय ती रात्री काचेवरून चढून बाहेर पडते, म्हणून झाकण हवं. उताणी पडली तर बऱ्याचदा तिला स्वतःहून उलटता येत नाही, हातानं सरळ करावं लागतं. सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत हे बघशील?

लाल चेरी कोळंबी गोड्या पाण्यातच वाढते, महिन्याभरात पिलं देते, आणि मॉसवरची बारीक लव, पानांवरचा बुळबुळीत थर दिवसभर टिपत असते. लांब केस मात्र ती फारसे खात नाही, ते काम अमानोचं. मोठी पिवळी गोगलगाय दिसते सुरेख, पण शेवाळापेक्षा उरलेलं खाणं खाते आणि घाणही तेवढीच करते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात तर झाडंच फस्त करते. सकरचं नावही काढू नकोस. आज बोटाएवढा आहे, वाढला की फूटभराचा होतो आणि मग लोक त्याला नदीत सोडून येतात. आणि काळे झुपके, निळसर-हिरवा कुबट वासाचा थर किंवा पाणीच हिरवं होणं, यांवर गोगलगाय किंवा कोळंबी यांपैकी कुणाचाच इलाज नाही. तो निळसर थर तर खरं शेवाळही नसतो, जिवाणूंचा असतो. काळे झुपके बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड कमीजास्त होत राहिल्यानं येतात. "सगळं शेवाळ खाते" असं कुणी सांगितलं तर त्या दुकानातून उठून ये.

तुझ्या झाडांबरोबर फुकट आलेल्या त्या बारीक चपट्या गोगलगायींनी मात्र तू घाबरलास. त्या मेलेली पानं आणि सांडलेलं खाणं खातात. खाणं जास्त पडलं की वाढतात, कमी केलं की कमी होतात. टँकमध्ये काय चाललंय हे सांगणारी त्यांच्याएवढी खरी खूण दुसरी नाही. त्यांच्यासाठी "असॅसिन" गोगलगाय आणायचा दुकानदाराचा सल्ला ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. शेवाळ खायला एक जीव, तो वाढला म्हणून त्याला खायला दुसरा!

हा हिशोब जगभर लोकांनी करून पाहिलाय, निखिल. मोठी आफ्रिकन गोगलगाय हवाईत वाढली म्हणून 1955 मध्ये तिला खायला एक शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिनं त्या मोठ्या गोगलगायीला आवर घालण्याऐवजी बेटांवरच्या झाडांवर राहणाऱ्या मूळच्या, लहान गोगलगायी खाल्ल्या. 1977 मध्ये तीच शिकारी मूरिया बेटावर सोडली आणि दहा वर्षांत तिथल्या पार्टुला गोगलगायी रानातून नाहीशा झाल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयांत काचेच्या पेट्यांमध्ये जपल्या म्हणून उरल्या. 2015 पासून त्यांची पिलं त्या बेटांवर परत नेऊन सोडताहेत, एकेक मोजून. 1980 च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली एक गोगलगाय खायला म्हणून तैवानात आणली, ती लोकांना आवडली नाही, सोडून दिली, आणि तिनं आशियातली भातशेती खाल्ली. आपल्याकडे 1928 मध्ये डासांच्या अळ्या खायला गंबूशिया मासा आणला, तो इथल्या लहान माशांच्या मुळावर उठला. दरवेळी जीव आणला कामाला, आणि काम त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्याला भूक तेवढी माहीत. मग नावं जनावराला ठेवायची, "उपद्रवी" म्हणायचं, विष टाकायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी मरेपर्यंत म्हणेन: जीव कामाला ठेवायचा नसतो. घरी आणायचा तर राहायला आणायचा. त्याचं खाणं, पाणी, ऊबगारवा, म्हातारपण, सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. मग तो जाता जाता शेवाळ खाईल, ते त्याचं जेवण. आणायच्या आधी एकच विचारायचं: शेवाळ संपल्यावर याला मी काय देणार? उत्तर नसेल तर पिशवी तिथेच ठेवून घरी यायचं. हे मी गोगलगायींपुरतं म्हणत नाही, तुला कळतंय. सुमनताईंकडच्या त्या मांजरीबद्दलही मी हेच म्हटलं होतं, उंदीर संपल्यावर तिला घराबाहेर काढली तेव्हा. तेव्हा सगळे माझ्यावर चिडले होते.

आता खऱ्या काळजीकडे येते, रात्री झोप नाही ती याच्यामुळे. तू म्हणालास, पाणी कमी झालं की सायलीच्या तांब्याच्या कळशीतलं भरतो, "शुद्ध असतं." ते आजपासून बंद! रात्रभर ठेवलेल्या पाण्यात तांबं उतरतं. माणसाला ते चालत असेल, पण कोळंबी-गोगलगायीला तांबं म्हणजे विष. द्राक्षांवर बोर्डो मिश्रणात घालतात तो मोरचूद तांब्याचाच. माशांना पांढरे ठिपके आले की दुकानात मिळणारी काही औषधंही तांब्याची असतात. मासा वाचतो आणि कोळंब्या सकाळपर्यंत तळाशी. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय टँकमध्ये एक थेंब टाकायचा नाही. झाडांच्या खतात तांबं असतं ते लेशमात्र, बाटलीवरच्या मापानं दिलं तर निभतं.

दुसरं, डासांचं ते प्लगमधलं औषध. टँकशेजारच्याच बोर्डात आहे, फोटोत दिसतंय. त्यातली रसायनं डासांना मारतात तशी कोळंबीलाही, दोघंही संधिपादच की. आणि तुझा एअरपंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. पुण्यात डेंग्यू आहे, चिऊ लहान आहे, तिला डास चावू देत असं मी कशी म्हणेन? मच्छरदाणी लाव, खिडक्यांना जाळ्या बसव. महापालिकेची धुराची गाडी आली की पंप बंद कर आणि टँकवर ओली चादर टाक. सोसायटीच्या टाकीत अळ्यांचं औषध टाकलं तर त्या आठवड्यात त्या पाण्यानं टँक भरू नकोस. वॉचमनला विचारून ठेव, ते लोक न सांगता टाकतात.

तिसरं पाणी. धरणाचं पाणी मऊ, तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअर सुरू झालं की एकदम क्षारांचं, जड. अशी अदलाबदल त्यांना सोसत नाही. क्षार मोजायचं किट घेऊन ठेव. फार मऊ पाण्यात गोगलगायीचं कवच वरून पांढरं पडून खड्डे पडतात. तेव्हा समुद्रफेसाचा तुकडा टाकायचा, मी इथून धुऊन वाळवून पाठवते. कोळंबी कात टाकते, तीही याच चुन्यावर. एखाद्या सकाळी टँकमध्ये पारदर्शक, मिशा-पायांसकट अख्खी कोळंबी पडलेली दिसेल आणि तू मला घाबरून फोन करशील. नीट बघ, आतून रिकामी असेल. ती राहू दे, बाकीच्या खातील. जिची कात आहे ती कुठेतरी मॉसमध्ये लपली असेल, एक-दोन दिवस अंग मऊ असतं तिचं.

आणि याच वेळी तुझे दोन एंजल मासे तिला गिळतील. ते तुला सांगायचंच राहिलं होतं, बघ! एंजल आणि लहान कोळंबी एकत्र ठेवायची नाही. ते मासे तसेही साठ लिटरमध्ये मावणारे नाहीत, उंच टँक असलेल्या कुणाला तरी दे. ते गेल्याशिवाय कोळंबी नको.

मे महिना डोक्यावर आहे. पाणी तिसाच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि कोळंब्या सुस्त पडतात. पाण्यावर आडवा छोटा पंखा लाव, दोन-तीन अंश उतरतात. कमी झालेलं पाणी रोज भर, फिल्टर केलेलं, पिंपातलं चालेल, कळशीतलं नाही.

तर आकडा हवा होता ना? हा घे. आत्ता काहीही आणू नकोस. दिवा कमी करून टँक किमान सहा आठवडे मुरू दे, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ दे. मग दोन नेराइट. शेवाळ असेल तेवढं त्यांना पुरतं का ते महिनाभर बघ. संपलं तर उकळून गार केलेला दोडका किंवा काकडीचा काप रात्री ठेव आणि सकाळी काढून टाक. पालेभाजी फवारलेली असते, ती टाळ. त्यानंतर, एंजल गेल्यावर, पाच-सहा अमानो किंवा दहा चेरी, दोन्हींपैकी एक. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लाव, नाहीतर पिलं ओढली जातील. आणताना पिशवी एकदम ओतायची नाही. बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब त्यांच्या भांड्यात सोडायचं, तास-दीड तास. आपल्या परसातल्या देशी बदामाची वाळकी पानं खोक्यात भरून ठेवली आहेत. ती पाण्यात कुजत जातात आणि त्यावर येणारा थर कोळंब्या आवडीनं खातात. पुढच्या आठवड्यात मिलिंद पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. त्याला थांबवून जेवायला घाल.

कळशी आणि ते प्लगचं औषध, या दोन गोष्टी आजच्या आज. झाल्या की मला कळव, नुसता अंगठा पाठवू नकोस, लिहून कळव.

चिऊला पापा, सायलीला आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. गोगलगायी वाढल्या, एखादा मासा नकोसा झाला, काहीही झालं तरी नदीत, ओढ्यात, सोसायटीच्या तळ्यात सोडायचं नाही. कापलेली झाडंसुद्धा गटारात नाहीत, त्यांना अंडी चिकटलेली असतात. उन्हात कडकडीत वाळवून मग कचऱ्यात टाकायची. कुणी घेणारं मिळालं नाही तर मला सांग. बागेतला तो हौद मी साफ करून घेते, त्याचं पाणी कुठे जात नाही.